यात्रेतील गर्दी, रस्तेबंदी आणि परवानगी : भाविकांसाठी एक अभ्यासपाठ

यात्रा म्हणजे केवळ देवदर्शन नव्हे. हजारो माणसे एकाच दिवशी, एकाच दिशेने, एकाच श्रद्धेने चालू लागतात तेव्हा त्या चालण्यालाही एक शिस्त लागते. पूर्वी ही शिस्त गावचे मानकरी व वडीलधारी मंडळी सांभाळीत असत. आज यात्रा नगराच्या मधोमध भरते. भाविकांची पावले ज्या रस्त्यावर पडतात त्याच रस्त्यावरून रुग्णवाहिका, शाळेची बस आणि भाजीचा टेम्पोही जात असतो. म्हणून उत्सवकाळी रस्ता बंद करणे, वाहतूक वळविणे आणि गर्दीचे नियमन करणे यांसाठी शासनाची रीतसर परवानगी घ्यावी लागते. ही परवानगी म्हणजे निव्वळ कागदोपत्री सोपस्कार आहे असा समज अनेकांच्या मनात असतो. तो समज दूर व्हावा आणि या कागदांमागे माणसांच्या जीविताची काळजी कशी दडलेली आहे हे भाविकांना कळावे, या हेतूने प्रस्तुत पाठाची मांडणी केली आहे.

१. वसई-विरार : तीर्थे आणि नगर

वसई-विरारचा परिसर प्राचीन काळापासून यात्रेकरूंना परिचित आहे. शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा हे एके काळचे नामांकित बंदर व धर्मस्थान. विरारच्या पूर्वेस डोंगरावर जीवदानी देवीचे स्थान असून तेथे जाण्यासाठी तेराशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. आश्विन शुद्ध प्रतिपदेपासून दसऱ्यापर्यंत येथे भाविकांची रीघ लागते. निर्मळ येथील शंकराचार्यांचे समाधिस्थान कार्तिक वद्य एकादशीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध आहे. तुंगारेश्वर येथे महाशिवरात्रीस व श्रावणी सोमवारी मोठी गर्दी होते. याशिवाय गणेश विसर्जन, ख्रिस्ती बांधवांचे सण, विविध जयंत्यांच्या मिरवणुका आणि २०११ पासून सुरू झालेली महापालिकेची मॅरेथॉन हे सर्व याच रस्त्यांवर पार पडते.

या नगराची रचना लक्षात घेतल्यास रस्तेबंदीचा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. पश्चिम रेल्वेचा लोहमार्ग शहराचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग करतो आणि वाहनांना पलीकडे जाण्यासाठी मोजकेच उड्डाणपूल उपलब्ध आहेत. एक रस्ता बंद केला की त्याचा भार निमूटपणे दुसऱ्या रस्त्यावर जातो. म्हणून येथे ‘कोणता रस्ता बंद करावा’ या प्रश्नाबरोबरच ‘त्यावरची वाहने कोठे जातील’ हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा ठरतो.

२. गर्दी वर होते, रस्ता खाली का बंद होतो?

पायथ्याशी अडथळे दिसले की भाविकांच्या मनात येते, ‘देवीचे मंदिर वर, मग आम्हाला खालीच का थांबविले?’ याचे उत्तर साध्या गणितात आहे.

ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षेसाठी १९७३ पासून प्रसिद्ध होत आलेल्या मार्गदर्शिकेत एक मोजमाप दिलेले आहे. एक मीटर रुंदीच्या सपाट मार्गावरून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसे आणि तेवढ्याच रुंदीच्या पायऱ्यांवरून ६६ माणसे सुरक्षितपणे जाऊ शकतात, असे ते मान आहे. हे मान धडधाकट प्रेक्षकांचे आहे. कडेवर मूल, हातात ओटीचे साहित्य आणि सोबत वृद्ध आई-वडील असलेल्या भाविकांचा वेग याहून कमीच असणार.

उदाहरणादाखल एखाद्या डोंगरावरील मंदिराच्या पायऱ्या चार मीटर रुंद आहेत असे समजू. त्यांतील दोन मीटर चढणाऱ्यांसाठी व दोन मीटर उतरणाऱ्यांसाठी ठेवले. चढणाऱ्या बाजूने मिनिटाला जास्तीत जास्त १३२, म्हणजे तासाला ७,९२० माणसे वर पोहोचतील. गाभाऱ्यासमोर दोन रांगा असून प्रत्येक रांगेतील भाविकाला दोन सेकंद दर्शन मिळते असे धरले, तर तासाला ३,६०० जणांचे दर्शन होईल. उरलेले ४,३२० भाविक वरच थांबतील. एका चौरस मीटरमध्ये चार माणसे या हिशेबाने त्यांना उभे राहण्यासाठी १,०८० चौरस मीटर जागा लागेल, म्हणजे आठांहून अधिक कबड्डीच्या मैदानांएवढी. ही केवळ पहिल्या तासाची बेरीज झाली. दुसऱ्या तासाला ती दुप्पट होते. डोंगरमाथ्यावर एवढी मोकळी जागा क्वचितच असते. मग ही माणसे पायऱ्यांवर थांबतात आणि मागून येणारे मात्र चढतच राहतात.

धोका नेमका येथे उत्पन्न होतो. गर्दीची दाटी एका चौरस मीटरमध्ये सहा-सातांच्या पुढे गेली की माणसाचा स्वतःच्या पावलांवरील ताबा सुटतो आणि गर्दी पाण्याच्या लोंढ्याप्रमाणे हेलकावू लागते. पुढे काय घडले ते मागच्याला दिसत नाही आणि मागचा रेटा पुढच्याला रोखता येत नाही. चेंगराचेंगरीतील बहुतेक मृत्यू पायदळी तुडविले गेल्याने होत नाहीत. छातीवर दाब येऊन श्वास कोंडल्याने होतात. उभ्या असलेल्या माणसालाही असा मृत्यू येऊ शकतो.

यावरून एक सूत्र निघते : वरची गर्दी वर आवरता येत नाही, ती खालीच थोपवावी लागते. खाली थोपविण्यासाठी मोकळी जागा हवी आणि पायथ्याशी अशी जागा म्हणजे बहुधा रस्ताच असतो. तो रस्ता वाहनांसाठी बंद केल्याशिवाय भाविकांना तेथे सुखाने उभे राहता येत नाही. रस्तेबंदीचे खरे कारण हे आहे.

३. परवानगी कोणाच्या अधिकारात?

वसई-विरारमध्ये गेल्या काही वर्षांत प्रशासनाची रचना बदलली असल्याने हा भाग नीट समजून घेणे आवश्यक आहे. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला. १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय कार्यरत झाले. त्यापूर्वी बंदोबस्ताची सूत्रे जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे होती. आता ती पोलीस आयुक्तांकडे आहेत. म्हणून जुन्या अर्जाची नक्कल काढून केवळ तारीख बदलणे उत्सव समित्यांना उपयोगाचे नाही.

कायद्याची चौकट थोडक्यात अशी आहे :

(अ) महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ : यातील कलम ३३ अन्वये वाहतुकीचे नियमन तसेच मिरवणुकीचा मार्ग, क्रम व वेळ यांविषयी नियम करता येतात. कलम ३६ अन्वये मिरवणुकीच्या प्रसंगी, पूजेच्या वेळी मंदिराच्या आसपास आणि रस्त्यावर दाटी होण्याचा संभव असेल तेथे अडथळा होऊ नये म्हणून पोलीस अधिकारी प्रत्यक्ष जागेवर निर्देश देऊ शकतात. रांगेत उभ्या असलेल्या भाविकाला ‘येथे थांबा, इकडून वळा’ असे सांगणाऱ्या पोलिसाच्या शब्दामागे हे कलम उभे असते.

(आ) मोटार वाहन अधिनियम, १९८८ : कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यावर वाहनांना मनाई करता येते. ही मनाई एक महिन्याहून अधिक काळाची नसेल तर राजपत्रात प्रसिद्धी आवश्यक नसते. मात्र स्थानिक पातळीवर लोकांना शक्य तितकी पूर्वसूचना द्यावी लागते. यात्रेपूर्वी वृत्तपत्रांतून व फलकांवरून जाहीर होणारी ‘वाहतुकीत बदल’ ही सूचना या तरतुदीतून येते.

(इ) महानगरपालिका कायदा : उत्सवप्रसंगी रस्त्यावर तात्पुरता मंडप अथवा कमान उभारावयाची असल्यास महापालिका आयुक्तांची, पोलिसांच्या संमतीने दिलेली लेखी परवानगी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ व २०१६ मध्ये ध्वनिप्रदूषण व रस्त्यावरील मंडप यांविषयी दिलेल्या आदेशांनंतर या परवानगीकडे अधिक काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले.

(ई) ध्वनिप्रदूषण नियम, २००० : रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकास मनाई आहे. वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ मध्यरात्री १२ पर्यंत शिथिल करता येते. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांभोवतीच्या १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रास ही सवलत लागू होत नाही.

स्थानपरत्वे आणखी काही खात्यांचा संबंध येतो. तुंगारेश्वरचे मंदिर अभयारण्याच्या हद्दीत असल्याने तेथे वनविभागाची संमती महत्त्वाची. रेल्वे स्थानक व पादचारी पूल रेल्वे प्रशासनाच्या ताब्यात असल्याने तेथील बंदोबस्त रेल्वे पोलीस आणि रेल्वे सुरक्षा दल पाहतात. मंदिराचा पायथा महापालिकेच्या हद्दीत, वरचा डोंगर वनखात्याजवळ आणि भाविक उतरणार रेल्वेच्या पुलावर, असे असताना या सर्वांना एका बैठकीत आणणे हे आयोजकांचे पहिले कर्तव्य ठरते.

४. प्रत्येक दाखल्यामागील प्रश्न

उत्सव समितीला निरनिराळे ना-हरकत दाखले गोळा करावे लागतात. त्यांतील प्रत्येक दाखला एकेक प्रश्न विचारत असतो. तो प्रश्न ओळखला तर दाखल्याचे मोल कळते.

पोलीस ठाणे विचारते : किती माणसे येतील आणि आयोजकांपैकी जबाबदार कोण?
वाहतूक शाखा विचारते : रस्ता किती वाजता बंद व किती वाजता खुला होणार आणि पर्यायी मार्ग कोणता?
अग्निशमन दल विचारते : मंडपाला बाहेर पडण्याचे मार्ग किती? बंब मंडपापर्यंत पोहोचेल काय?
महावितरण विचारते : वीजजोडणी अधिकृत आहे काय? मिरवणुकीतील उंच देखावा तारांखालून जाईल काय?
आरोग्य विभाग विचारतो : पाणी, शौचालये व प्रथमोपचार कोठे आहेत?

महावितरणचा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु एप्रिल २०२३ मध्ये विरारच्या कारगिल नगर भागात मिरवणुकीच्या वेळी उंच लोखंडी भागाचा वीजयंत्रणेशी संपर्क होऊन दोन जणांना प्राण गमवावे लागले. मार्गाची आगाऊ पाहणी करून तारांची उंची मोजणे हे काम तासाभराचे असते. तेवढा वेळ देणे कोणत्याही मिरवणुकीस जड जाऊ नये.

५. मागील दुर्घटनांनी शिकविलेले धडे

मांढरदेवी, २००५. सातारा जिल्ह्यातील मांढरदेवी येथे २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेस, काळूबाईच्या यात्रेत सुमारे तीनशे भाविकांचा मृत्यू झाला. डोंगरावरील मंदिर, अरुंद वाट, दोन्ही बाजूंस दुकाने आणि फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या असे तेथील चित्र होते. घसरून पडलेल्यांवर मागची गर्दी कोसळली. पुढे दुकानांना आगी लागल्या व गॅसच्या टाक्यांचे स्फोट झाले. शासनाने न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. डोंगरावरील प्रत्येक देवस्थानाने हा धडा ध्यानी ठेवावयास हवा : वाटेवरचे एक दुकान, पायरीवरचे थोडे पाणी, नारळ फोडण्याची चुकीची जागा या गोष्टी शांत दिवशी निरुपद्रवी असतात, दाटीच्या दिवशी त्याच प्राणघातक ठरतात.

नाशिक, २००३ व २०१५. नाशिकच्या सिंहस्थात २७ ऑगस्ट २००३ रोजी शाही स्नानाच्या वेळी गोदावरीकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. २०१५ च्या सिंहस्थात शहराबाहेर बाह्य वाहनतळ, तेथून बसगाड्या व पुढे ठरावीक पायी मार्ग अशी व्यवस्था करण्यात आली आणि तशी दुर्घटना टळली. तथापि पहिल्या पर्वणीस अडथळे इतके झाले की भाविकांना फार चालावे लागले व नागरिकांतून तक्रारी आल्या. पुढील पर्वण्यांच्या वेळी बंधने काहीशी सैल करण्यात आली. गरजेपेक्षा कमी बंदोबस्त जसा घातक, तसा गरजेपेक्षा अधिक बंदोबस्तही वृद्धांना व बालकांना त्रासदायक होतो, हे यावरून दिसते.

खारघर, २०२३. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे भर उन्हात झालेल्या भव्य समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. मैदान विशाल असले तरी वेळ चुकीची असेल तर संकट टळत नाही. अर्जातील ‘कार्यक्रमाची वेळ’ हा रकाना म्हणूनच विचारपूर्वक भरावयास हवा.

हाथरस, २०२४. उत्तर प्रदेशातील हाथरस जिल्ह्यात २ जुलै २०२४ रोजी सत्संगानंतर झालेल्या चेंगराचेंगरीत १२१ जण दगावले. पोलिसांच्या तक्रारीनुसार परवानगी ८० हजार लोकांची होती आणि उपस्थिती अडीच लाखांहून अधिक होती. अर्जात संख्या कमी दाखविली की पोलीस, रुग्णवाहिका, पाणी, सारेच कमी येते. खोटा आकडा पहिल्यांदा फसवितो तो स्वतःच्याच भाविकांना.

मुंबई, २०१७. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, नवरात्रातच, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर पावसापासून आडोसा घेणाऱ्या व ये-जा करणाऱ्या प्रवाशांची कोंडी होऊन २३ जणांचा अंत झाला. तेथे यात्रा नव्हती, रोजचीच सकाळ होती. लोकलने विरारला येणाऱ्या भाविकांनी हे विसरू नये की त्यांची यात्रा पायथ्याशी सुरू होत नाही, ती स्थानकाच्या पुलावरच सुरू होते.

६. रस्ता बंद, परंतु कोणासाठी खुला?

रस्ता बंद होतो तेव्हा त्या रस्त्यावर राहणाऱ्यांचे जीवन थांबत नाही. वसईच्या बागायतदारांची फुले व भाजी पहाटेच मुंबईच्या बाजारात पोहोचावी लागते. उशिरा पोहोचलेल्या फुलाला भाव मिळत नाही. कोणाची परीक्षा असते, कोणास रुग्णालयात उपचारासाठी जावयाचे असते, एखाद्या घरी प्रसूतीची घटका आलेली असते. या लोकांनी कोणताही अर्ज केलेला नसतो, तरी त्यांच्या दारातला रस्ता बंद होतो. म्हणून उत्तम परवानगीपत्रात बंदीइतकेच महत्त्व सवलतींना असते. रुग्णवाहिका व अग्निशमन वाहन यांसाठी संपूर्ण मार्गावर एक पट्टा मोकळा ठेवणे, रहिवाशांना येण्या-जाण्याची सोय करणे, बंदीची वेळ संपताच रस्ता तत्काळ खुला करणे आणि मंडपाचे खांब, खड्डे व निर्माल्य यांची त्वरित आवराआवर करणे, या गोष्टी आयोजकांच्या प्रामाणिकपणाची कसोटी पाहतात.

ज्या नगरात अनेक धर्मांचे व पंथांचे उत्सव एकाच रस्त्यावरून जातात, तेथे आज आपल्या उत्सवासाठी शेजाऱ्याने गैरसोय सोसली याची जाणीव ठेवून उद्या त्याच्या उत्सवासाठी आपणही ती सोसावी, हा साधा व्यवहार आहे. परवानगी त्या व्यवहाराला लेखी रूप देते.

७. भाविकांनी पाळावयाचे नियम

(१) निघण्यापूर्वी त्या दिवशीचे वाहतुकीतील बदल वृत्तपत्रातून अथवा पोलिसांच्या सूचनेतून जाणून घ्यावेत. शक्यतो स्वतःचे वाहन न आणता रेल्वे व बसने यावे.
(२) अष्टमी, नवमी आणि रविवारची सकाळ या अतिगर्दीच्या वेळा आहेत. वृद्ध व लहान मुलांसह येणाऱ्यांनी अन्य दिवस निवडावा.
(३) लहान मुलाच्या खिशात नाव व पालकाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. चुकामूक झाल्यास भेटण्याचे ठिकाण आधीच ठरवावे.
(४) चढण्याची व उतरण्याची वाट वेगळी असेल तर ती मोडू नये. उतरणाऱ्यांच्या वाटेने वर जाणारा एक माणूस शेकडोंची गती रोखतो.
(५) पायऱ्यांवर बसू नये, नारळ फोडू नये, पाणी सांडू नये. छायाचित्र काढण्यासाठी अरुंद जागी थांबू नये.
(६) रांगेत हात छातीजवळ आणता येत नाहीत इतकी दाटी झाली तर पुढे रेटू नये. हात छातीसमोर धरून श्वासापुरती जागा राखावी, रेट्याविरुद्ध झगडू नये व लोंढा ओसरताच तिरके सरकत कडेला यावे. पडलेल्यास प्रथम उठवावे.
(७) ‘पळा’, ‘पूल पडला’, ‘आग लागली’ अशी अफवा पसरवू नये. शंका असल्यास जवळच्या पोलिसास अथवा स्वयंसेवकास सांगावे.
(८) तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अग्निशमन दलासाठी १०१ हे क्रमांक लक्षात ठेवावेत.

उत्सवास साहाय्य करणाऱ्या स्वयंसेवकांनीही आपले काम ओळखावे. भाविकांना ढकलत पुढे सरकविणे एवढेच स्वयंसेवकाचे कार्य नव्हे. वर दाटी झाली आहे हे खाली वेळेवर कळविणे हे त्याचे सर्वांत मोठे कार्य आहे. माथ्यावरचा एक निरोप पायथ्याशी दोन मिनिटांत पोहोचला तर अनेक जीव वाचतात.

८. समारोप

परवानगीच्या कागदावर संख्या, वेळ, मार्ग आणि नाव या चार गोष्टी असतात. संख्या खरी असावी, वेळ पाळली जावी, मार्ग मोकळा राहावा आणि ज्याचे नाव आहे त्याने शेवटचा भाविक घरी परतेपर्यंत जागेवर असावे. एवढे साधले तर त्या कागदाचे सार्थक झाले असे म्हणता येईल. पायथ्याशी थांबविल्यामुळे दर्शनास तासभर उशीर झाला तरी देवीच्या दारी कोणी उशिरा आला असे होत नाही. त्या तासाभराच्या प्रतीक्षेत पुढे चढणाऱ्या एखाद्या आजीला, एखाद्या बालकाला श्वास घेण्यापुरती जागा मिळालेली असते. रांगेत शांतपणे उभे राहणे ही अशा प्रकारे दुसऱ्याच्या जीविताची केलेली सेवाच होय.

सर्व भाविकांची यात्रा सुखरूप घडो आणि प्रत्येक जण दर्शनाचा आनंद घेऊन आपल्या घरी सुरक्षित परतो, हीच प्रार्थना.